थोरल्या जावेसाठी घर

काल्हेरपासून अंबाडीपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात माझ्या मावशीला न घाबरणारी एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे मावशीची थोरली जाऊ. बाकी सगळे घाबरत. गोदामांचे मॅनेजर घाबरत, सिलिंडरवाला घाबरत असे, मावशीचा जावई तर तिचा फोन आला की उभा राहून बोलत असे. एकदा आम्ही रिक्षाने साखरपुड्याला निघालो होतो आणि काल्हेरच्या रस्त्यावर कंटेनर एकमेकांत असे अडकले होते की कोणालाच हलता येत नव्हतं. मावशी काठापदराची साडी सावरत खाली उतरली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या खास हिंदीत सुरू झाली, "ओ ड्रायवर, तू पीछे लेव! और तू कायला उसके आंगावर जाताय? तेरेकू घर न्हाय काय?" उत्तरेकडून आलेले ते दणकट ड्रायव्हर शाळेतल्या पोरांसारखे गाड्या मागे घेऊ लागले. आम्ही साखरपुड्याला वेळेवर पोहोचलो. तिथेही मावशी नेहमीसारखी मंडपातून न शिरता मागच्या बाजूने स्वयंपाकाच्या जागेतून शिरली. कोणत्याही घराची खरी वार्ता चुलीपाशी कळते असं तिचं ठाम मत. माझ्या स्वतःच्या लग्नात तिने केटररच्या सगळ्या पातेल्यांची झाकणं उघडून पाहिली होती आणि भात परत शिजवायला लावला होता.

थोरल्या जावेला आम्ही सगळी भाचरं मोठीआई म्हणायचो. मावशी तिला नुसतं 'मोठे' अशी हाक मारायची. काल्हेरला भातशेती होती तिथे गोदामं उभी राहिली तशी दोघींच्या नवऱ्यांनी शेजारी शेजारी घरं बांधली, पण ओटा एकच ठेवला. हा ओटा म्हणजे दोघी जावांचं रणांगण. सुके बोंबील कोणाच्या दोरीवर घालायचे, मांजराला कोणी लाडावलं, पाहुण्यांना आधी कोणी बोलावलं, काहीही पुरायचं. मावशी आवाजाने जिंकायची आणि मोठीआई शब्दांनी. ती बसल्या जागेवरून, सुपारी कातरत, एकच वाक्य असं टाकायची की मावशीला घरात जाऊन पाणी प्यावं लागे. दोघींचे नवरे गेले, पोरी लग्न होऊन गेल्या, आणि तरीही भांडण चालूच राहिलं. मात्र एकीला ताप आला की दुसरी पेजेची वाटी ओट्यावर आपटून जायची. आपटायची, पण आणायची.

म्हणूनच मोठीआईचा आजार डॉक्टरांच्या आधी मावशीला कळला. एके दिवशी तिने मला बँकेत फोन केला आणि म्हणाली, "बाय, मोठी आता भांडता भांडता मधीच थांबते. कशावरून भांडतो ते मनाच इचारते." मोठीआईचा मुलगा जितू हसला होता. "काकी, वय झालं तिचं, दमत असेल." मावशी म्हणाली, "दमनारी न्हाय ती. काहीतरी हाय." तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. जितू आणि त्याची बायको दोघंही नोकरीला जाणारे. दिवसभर मोठीआईला सांभाळायचं काम मावशीने न सांगता अंगावर घेतलं, आणि वृद्धाश्रम हा शब्द उच्चारणाऱ्या जितूला ओट्यावरून खाली उतरवलं.

मग एका दुपारी मावशीचा डोळा लागला तेवढ्यात मोठीआई घराबाहेर पडली. ती भात बघायला निघाली होती. ट्रक धावत होते त्या रस्त्यातून सरळ चालत गेली आणि एका गोदामाच्या दारात जाऊन बसली. आपल्या शेतावर हे पत्रे कोणी ठोकले, असं ती रखवालदाराला विचारत होती. तो बिचारा "माताजी, पानी पियो" म्हणत तिच्या डोक्यावर आपली छत्री धरून उभा होता. मावशी तिला शोधत धावली, रस्त्याच्या कडेला पडली आणि मनगट मोडून घेतलं. संध्याकाळी मी गेले तेव्हा मावशीच्या हाताला प्लास्टर होतं. मोठीआई तिच्याकडे परक्यासारखी पाहत म्हणत होती, "कोन गो ही? हिला कोनी मारला?" मावशीने चांगल्या हाताने तिचा पदर सारखा केला. मग जितूला म्हणाली, "माझ्या हातून ती सुटली रे. आज ट्रकखाली गेली असती. तू बोलतोस तसं म्हाताऱ्यांचं घर बघू या. पन बघनार मी."

आणि तिने बघितलं, ते असं की पोरगी द्यायची असती तरी कोणी एवढं बघितलं नसतं. गाडी माझी, चालवणारी मी, शेजारी प्लास्टर मांडीवर घेऊन मावशी.

पहिलं ठिकाण ठाण्याच्या बाजूला. काचेचं दार, मंद संगीत, टाय लावलेला मॅनेजर. तो आम्हाला सोफ्यावर बसवून माहितीपत्रक काढेपर्यंत मावशी गायब झाली होती. ती स्वयंपाकघरात सापडली, आमटीचं झाकण हातात घेऊन. आमटीला तिने बरं म्हटलं. मग आम्हाला हॉलमध्ये नेलं. टीव्हीसमोर ओळीने आजी-आजोबा बसले होते. मॅनेजर अभिमानाने म्हणाला, "आमच्याकडे पेशंट अगदी शांत असतात, मॅडम." मावशीने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "कशी हाव गो बायांनो?" टायवाल्याच्या हातातलं पत्रक पडलं. पण त्या ओळीतलं एकही डोकं वळलं नाही. मावशीने एकेकीच्या समोर जाऊन चेहरा पाहिला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "चल. मयतीला पन यापरीस जास्त बोलतात मानसं. यांना काय पाजतात कोन जाने."

दुसरं ठिकाण नव्या इमारतीतला एक फ्लॅट होता. तिथे मासळी चालत नव्हती, ही गोष्ट मावशीने मोठ्या मनाने सोसली. पण खिडकीपाशी एक आजोबा ओढणीने खुर्चीला बांधलेले दिसले. "पडू नयेत म्हणून," तिथली बाई म्हणाली. मावशीने विचारलं, "आनि त्यांना काय पायजे ते कोनी इचारलं?" उत्तराची वाट न बघता तिने एका हाताने आणि दातांनी गाठ सोडली, आजोबांच्या कानापाशी वाकली आणि बाईला म्हणाली, "त्यांना मोरीत जायचंय. कवापासून जायचंय." आजोबा जाऊन आले आणि येताना त्यांनी मावशीला रीतसर नमस्कार केला. मावशी जिन्यात बसून रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला काय करावं सुचेना. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "मोठीला असं कोनी बांधलं ना, तर मी त्या इमारतीचा जिना तोडीन."

त्यानंतर किती घरं पाहिली ते मी मोजलं नाही. जितू कंटाळला. एके ठिकाणच्या साहेबांनी फोन करून "त्या काकूंना पुन्हा आणू नका" असंही सांगितलं. माझाही धीर सुटत चालला होता. मग कोणीतरी अंबाडीच्या पुढे, वाड्याच्या रस्त्याला आत असलेल्या एका घराचं नाव सुचवलं. भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातल्या झुबेदाबाई, इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, ते चालवत होत्या. कौलारू बैठं घर, भोवती उंच कुंपण, अंगणात जांभळाची झाडं. मावशी मागच्या दाराने आत गेली, कालवणाचं झाकण उघडलं, मग अंगणात आली आणि आपली ती हाक दिली, "कशी हाव गो बायांनो?"

जांभळाखालून लगेच उत्तर आलं, "कोन गो ती बोंबलते? आमी काय बहिऱ्या हाव?"

दुसरी म्हणाली, "बोलू दे तिला, हात मोडलाय बिचारीचा." तिसरीने मावशीला थेट चालतं व्हायला सांगितलं. काम करणाऱ्या मुली हसत होत्या, कोणी कोणाला गप्प करत नव्हतं. मावशीच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला वाटलं आता ती त्यांच्यात बसूनच घेते.

"ती पळून जायला निघाली तर काय करशील?" मावशीने झुबेदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पण तिच्यासंगती चालेन. कुंपणाच्या आत वाट पुष्कळ आहे. दमली की चहा विचारीन." मग त्यांनीच उलट विचारायला सुरुवात केली. कशाने चिडते? चहा कसा लागतो? कोणत्या हाकेला वळते? हे आम्हाला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मावशी बोलत राहिली. "चहा बशीत, गुळाचा. डाव्या कुशीवर झोपते. ढगांच्या आवाजाला घाबरते, पन कबूल करत न्हाय. तांदळाची भाकर तिच्यासारखी गावात कोनाची न्हाय, पन हे मी कधी तिच्या तोंडावर बोलली न्हाय." झुबेदाबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमची फार माया आहे तिच्यावर." मावशी ताडकन म्हणाली, "माया कसली? दुश्मन हाय ती माझी!"

मोठीआईला घेऊन गेलो तो दिवस. सगळं ठरलेलं, पिशव्या भरलेल्या, आणि झुबेदाबाईंच्या दारात मोठीआई गाडीतून उतरेना. तिने सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला. जितूने विनवलं, मी विनवलं, मग जितू गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसून रडू लागला. "परत नेऊ या काकी," तो म्हणाला. "मला नाही जमायचं." मलाही तेच वाटत होतं. मावशीने आम्हा दोघांना बाजूला केलं, कमरेवर चांगला हात ठेवला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नको उतरू, मोठे! बस तिथंच! या घरातल्या बाया बोलतात, काल्हेरच्या बाईला भाकर थापता येत न्हाय!"

मोठीआईच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. किती महिन्यांनी ते मी पाहत होते. "कोन बोलली?" तिने पट्टा सोडला. "दाखव मना कोन बोलली ती!"

ती उतरली. जितूला ओलांडून, मावशीला खांद्याने बाजूला सारून, ती तरातरा मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली. मावशीने झुबेदाबाईंना डोळ्याने खूण केली आणि त्यांनी उकडीची परात पुढे सरकवली. मोठीआईला आमची नावं आठवत नव्हती, पण उकड मळताना पाणी किती घ्यायचं हे तिच्या हातांना कोणी विचारायची गरज नव्हती. भाकरी तव्यावर पडली आणि चेंडूसारखी टम्म फुगली. जांभळाखालच्या बाया दारात गोळा झाल्या होत्या. "आई गो!" त्यांतली एक म्हणाली. मोठीआईने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि बसल्या जागेवरून एकच वाक्य टाकलं, "आता बोला." मावशी आमच्यामागे भिंतीला टेकून उभी होती, हरल्याच्या आनंदात.

मोठीआई तिथे रुळली. तिचं वजन वाढलं, ती पुन्हा सुपारीसाठी हट्ट करू लागली, आणि जांभळाखालच्या टोळीत तिने दोन शत्रू आणि एक मैत्रीण मिळवली. आम्ही दर रविवारी जातो. बाया मावशीच्या हाकेची वाट पाहत असतात, आणि शिव्यांची तयारी करूनच बसतात. मोठीआई मात्र मावशीला ओळखत नाही. कोणीतरी बरी बाई येते, बोंबील आणते, एवढंच तिला कळतं.

गेल्या रविवारी दोघी बाजेवर बसल्या होत्या. मोठीआईने बशीतला चहा संपवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तुना जाऊ हाय का गो?"

"हाय ना," मावशी म्हणाली. "थोरली हाय."

"कशी हाय?"

मावशीने बोंबलांची पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली. "चांगली हाय," ती म्हणाली. "लय चांगली हाय."

मोठीआईने मान हलवली. "मग नशीबवान हायस. दूरशी आलीस ना? जेवून जा."

जितूच्या घरी आमच्यासाठी जेवण तयार होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. पण मावशी चपला काढून आत जाऊन बसली होती, पाहुण्यासारखी, पुढच्या दाराने.