गजकर्ण नव्हतं ते

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माणसं कमी आणि ताटं जास्त होती. आई खानावळ चालवायची. बायकामुलं गावी ठेवून गाळ्यात दाटीवाटीने राहणारे गिरणी कामगार दोन वेळचं जेवायला आमच्याकडे यायचे. संप लांबला तसे ते एकेक करून कोकणात निघून गेले आणि ताटं फळीवर पालथी पडली. मग आई माझगावकडे कोळंबी सोलायला जाऊ लागली. संध्याकाळी ती माझी वेणी घालायची, तेव्हा तिच्या बोटांचा वास केसांना लागायचा. वर्गात मुली नाक मुरडायच्या. मी मान ताठ ठेवून पहिल्या बाकावर बसायची.

माझे वडील, आप्पा, गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजला जातो तिथे हवेत सतत धूळ असते. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळायची. गिरणीचा डॉक्टर म्हणायचा, विडी सोडा. आप्पांनी जन्मात विडी ओढली नाही. संपाच्या पहिल्या काही महिन्यांत त्यांना जरा बरं वाटलं, तेव्हा ते हसून म्हणायचे, "संपान पोट रिकामा केल्यान, पण छाती मोकळी केल्यान!" ती मोकळीक टिकली नाही. पुढे गिरणी बंदच पडली आणि दाद मागायला दारही उरलं नाही. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आमच्या मजल्यावरची पहिली पदवीधर. त्याच वर्षी आप्पा गेले. मृत्यूच्या दाखल्यावर काहीतरी दम्यासारखं लिहिलं होतं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या त्या आजाराला नाव आहे, हे मला फार उशिरा, परदेशातल्या एका लायब्ररीत कळलं.

लग्नानंतर मी अमेरिकेला निघाले तेव्हा सगळी चाळ गॅलरीत उभी होती. खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंनी विचारलं, "तिकडं भात मिळतो ना गं?" आईने बॅगेत मालवणी मसाला भरला आणि त्याच्या बाजूला गजकर्णाच्या मलमाच्या ट्यूबा. चाळीत उन्हाळ्यात कुणाला गजकर्ण झालं नाही असं घर नव्हतं. "थंय डॉक्टर परवडूचो नाय," ती म्हणाली. पुढे दर खेपेला मी त्याच ट्यूबा नेत राहिले. अमेरिकेतल्या औषधाच्या कंपनीत मी गोळ्यांची शुद्धता तपासायचे आणि स्वतःच्या अंगाला मात्र लालबागचं मलम लावायचे.

आमचं घर कनेटिकट राज्यात, मागे झाडी. एका मे महिन्यात मी परसात अळू लावत होते. संध्याकाळी गुडघ्याच्या मागे खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं दिसलं. गोचीड. मला हसूच आलं. सुट्टीत मामाच्या गावी बैलांच्या कानातल्या गोचिडी काढण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी तिच्यावर तेल सोडलं, ओढून काढली, टाकून दिली. तेल सोडायचं नसतं, तशीच चिमट्याने काढायची असते, हेसुद्धा मी नंतर शिकले.

आठवड्याभराने तिथे एक मोठा गोल डाग उठला. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. धाकटा भाऊ प्रकाश लगेच म्हणाला, "ताई, एवढ्या लांब जाऊन गजकर्णच? नवीन काहीतरी आण की!" आईचा फोन आला. गोचिडीचं सांगितल्यावर ती म्हणाली, "गुरांका गोचडी लागतत, म्हणून गुरां मरतत काय? ह्या गजकर्णच गो. मलम लाव, आठ दिसांत जातला."

मलम लावलं. डाग गेला. आम्ही सगळे खूश.

तो डाग काहीही न लावता गेला असता. गोचिडीतून आजाराचा जंतू अंगात शिरल्याचा तो पहिला इशारा असतो, आणि तेव्हाच साध्या गोळ्या घेतल्या तर बहुतेक माणसं बरी होतात. पानगळ सुरू होऊन पावसाळ्यासारखा गार वारा सुटायला लागला तोवर माझा गुडघा नारळाएवढा सुजला. जिना चढून गेले की बसावं लागे. प्रयोगशाळेत हातात काचेचं भांडं असायचं आणि त्याचं नाव आठवायचं नाही. एक डॉक्टर म्हणाला, वय झालं. दुसरीने विचारलं, घरची आठवण येते का? येते हो, पण तिने गुडघा सुजत नाही. शेवटी एकाने रक्ताची योग्य ती तपासणी केली. लाइम डिसीज. ज्या गावावरून हे नाव पडलं ते आमच्या घरापासून गाडीने जाण्याइतकं जवळ आहे. शेजारच्या गोऱ्या बायकांना तो डाग लहानपणापासून ओळखता येतो. मला गजकर्ण ओळखता येत होतं.

महिनाभर औषध घेतलं. सूज उतरली. थकवा, सांधेदुखी, डोक्यातलं धुकं राहिलं ते राहिलंच. मग मी दोन प्रकारचे डॉक्टर पाहिले. एक म्हणे, जंतू गेला, आता जे आहे ते मनात आहे. दुसरा म्हणे, जंतू जातच नाही, वर्षभर अँटिबायोटिक घ्या. मी रसायनशास्त्र शिकलेली, तरी दुसऱ्याच्या नादी लागले. फायदा शून्य, पोट मात्र कायमचं बिघडलं. मग बसून संशोधनाचे लेख वाचायला शिकले. एका विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी सरळ सांगितलं, "काही जण औषधानंतरही बरे का होत नाहीत, आम्हाला अजून माहीत नाही." इतक्या वर्षांत ते ऐकून पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांच्या अभ्यासासाठी मी आजही रक्त देते. नोकरी मात्र सुटली. एवढ्या लांब येऊन जी मिळवली होती, ती.

गजकर्ण नव्हतं, हे प्रकाशने आईला सांगून टाकलं. तिने मला फोन केला. म्हणाली, "मियाच सांगलंय ना गो, मलम लाव म्हणान?"

"आई, इथल्या डॉक्टरांनापण कळलं नाही."

"त्यांका नाय कळला. माका तू इचारलंस."

मी खूप समजावलं. ते तिच्या मनातून गेलं नाही. त्यानंतर माझ्या बॅगेत तिने कधी मलम भरलं नाही, आणि मीही मागितलं नाही. आमच्या दोघींमधली एक साधी गोष्ट तिथे संपली.

इथे आजाऱ्यांचा एक गट लायब्ररीत जमतो. त्यात भारतीय मी एकटीच. आमदारांपुढे संशोधनाला पैसा मागायला जातो तेव्हा दोन वाक्यं मी बोलते, आणि बोलताना डोळ्यांपुढे आप्पा असतात. त्यांच्यासाठी असं उभं राहायला कोणी नव्हतं. आरोग्य खात्याच्या पत्रकांवर डागाचा फोटो असायचा तो नेहमी गोऱ्या पायाचा: गुलाबी, नेमबाजीच्या फळीवरच्या वर्तुळांसारखा नेमका. सावळ्या कातडीवर तो जांभळट, मार लागल्यासारखा दिसतो. मी सभेत उठून म्हटलं, "हा पाय माझा नाही. हे बघून मला काही कळलं नसतं." खात्याच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे फोटो आहे का? घरच्या ग्रुपवर होता. प्रकाश म्हणाला, "पोस्टरवर आलीस ताई! पण नुसता पायच?"

आई गेली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी महिनाभर तिच्याकडे राहिले. चाळीच्या जागी टॉवर उभा आहे, आईची खोली बाराव्या मजल्यावर. ती रोज माझ्या गुडघ्यांना तेल चोळायची. मी सांगत होते की रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, म्हणून लोकांना पटत नाही. ती म्हणाली, "तू म्हणतंस दुखता, म्हणजे दुखता. रिपोटाक काय इचारूचा?"

माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, आणि तिथेच राहिलेल्यांनो, घर म्हणजे काय ते मला आता एवढंच सांगता येतं: जिथे दुखणं सिद्ध करावं लागत नाही. तसं घर आता मला लालबागलाही नाही आणि इथेही नाही. इतक्या लांब येऊन मी काय मिळवलं, याचा हिशेब मांडायला बसले की उठावंसं वाटतं.

पण एक झालं. सावळ्या पायाचा फोटो असलेलं पत्रक आता हिंदी, गुजराती आणि मराठीत आमच्या भागातल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात लावलेलं असतं. गेल्या उन्हाळ्यात लालबागजवळच्याच घोडपदेवहून नुकतीच आलेली एक मुलगी डाळ घ्यायला गेली, ते वाचून थबकली, कारण तसाच डाग तिच्या हातावर होता, आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेली. तिला वेळेवर गोळ्या मिळाल्या. ती पूर्ण बरी झाली.