लेकीच्या वाचनाची तपासणी

वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. मशीनवरून सुट्या भागांचा लॉट आला की त्यातले पाच नग उचलायचे, गेज लावायचं आणि मापात बसले की सगळ्या लॉटवर हिरवा शिक्का मारायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच वागायला लागतो. बाजारात मी एकेका भेंडीचं टोक मोडून बघायला लागलो की बायको चार पावलं लांब जाऊन उभी राहते.

आमच्यात वाचणारं कुणी नव्हतं. वडील देवगाव रंगारीच्या शिवारात शेळ्या-मेंढ्या राखायचे. मी आयटीआय केलं आणि त्यानंतर सुट्या भागांच्या ड्रॉइंगशिवाय काही वाचलं नाही. हे मला मीटिंगमध्ये भोवतं. मुद्दा माझा बरोबर असतो, पण शब्द वेळेवर सापडत नाहीत, आणि तोच मुद्दा दुसरा कुणीतरी नीट मांडून वाहवा घेऊन जातो. मला त्याचा राग येतो, अजूनही येतो. म्हणून लेक सातवीत गेली तेव्हा ठरवलं, हिचं असं होऊ द्यायचं नाही. हिला वाचायला लावायचं.

औरंगपुऱ्यातून गोष्टींची पुस्तकं आणली आणि आठवड्याला एक असा नियम केला. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की मी पुस्तक हातात घेऊन बसायचो आणि लेकीला पाच प्रश्न विचारायचो. मी स्वतः काही वाचलेलं नसायचं. त्यामुळं पहिली दोन-तीन पानं आणि शेवटची दोन चाळायची आणि त्यातलंच काहीतरी विचारायचं, अशी माझी पद्धत. ती पाचही उत्तरं पटापट द्यायची. कंपनीच्या बसमध्ये मी ऐटीत सांगायचो की आमची पोरगी आठवड्याला एक पुस्तक संपवते. बायको एकदा म्हणाली, "अहो, वाचताना ती कधी हसली का, रडली का? मला तर दिसली नाय." मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं."

वर्ष गेलं. बसमधल्या एका सोबत्याला त्याच्या मुलीसाठी पुस्तक हवं होतं, म्हणून लेकीचं वाचून झालेलं एक मी पिशवीत टाकलं. नेमका तो त्या दिवशी आलाच नाही. परतताना मुकुंदवाडीला घरापर्यंतचा रस्ता लांबचा आणि मोबाइल बंद पडलेला. करायला काही नव्हतं म्हणून पुस्तक मधेच उघडायला गेलो, तर दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. छापखान्यात कापायची राहून गेली होती. पुढं आणखी दोन ठिकाणी तसंच. ती पानं त्याआधी कुणीच उघडलेली नव्हती, आणि या पुस्तकाची पाचही उत्तरं बरोबर म्हणून मी लेकीला शाबासकी दिली होती.

घरी येऊन पुस्तक तिच्यापुढं धरलं. जोडलेल्या पानांकडं बघत ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही पुढचं न् मागचंच विचारता. मी तेवढंच वाचते."

"सगळ्या पुस्तकांचं?"

"व्हय. तुम्ही तरी वाचलंय का एखादं?"

मी तिला खोटारडी म्हणालो, आणि तेही शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. ती आतल्या खोलीत निघून गेली. बायको कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिच्यावर कशाला रागावता? तुम्ही कंपनीत करता तसंच केलं तिनं."

दोन दिवस लेक माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिनं वाचलं नाही, याचं मला वाईट वाटत होतंच. पण शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी दिवसभरातलं सगळं सांगणारी ही पोरगी वर्षभर माझ्यासमोर बसून लबाडी करत होती, आणि ती लबाडी मीच तिला शिकवली होती. ते फार लागलं. तिसऱ्या दिवशी तिला सांगितलं, आता मी काही विचारणार नाही. तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मग विळीवर ती जोडलेली पानं कापली आणि तेच पुस्तक मी वाचायला घेतलं. एक म्हातारी आणि तिची आंधळी शेळी, अशी गोष्ट. सुरुवातीलाच लेखकानं शेळ्या भर पावसात मजेत चरताना दाखवल्या होत्या. पावसाचा थेंब अंगावर पडला की शेळी आडोसा शोधते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. जेवताना मी बायकोपुढं त्या लेखकाची चांगलीच हजेरी घेतली. लेक खाली मान घालून जेवत होती. पण पुस्तक सोडवेना. शेवटच्या पानावर म्हातारी टेकडीवर एकटी बसलेली आहे, हे आम्हा बापलेकींना दोघांनाही माहीत होतं. एकटी का, ते दोघांनाही माहीत नव्हतं. एका बसफेरीत माझी चार-पाच पानं व्हायची. घरी चहा पिताना आणखी दोन. मग पुस्तक फ्रीजवर ठेवून मी जरा आडवा व्हायचो.

असाच एकदा पहिली पाळी करून, चहा घेऊन पडलो होतो. उठलो तर लेक दारातल्या पायरीवर बसलेली, मांडीवर तेच पुस्तक, आणि डोळे लाल. मी काही विचारलं नाही. विचारायचं ओठावर आलं होतं, गिळलं.

तीच म्हणाली, "पप्पा, लांडगा नेतो तिच्या शेळीला."

माझं डोकंच फिरलं. "अगं, मी अजून तिथं पोचलो नव्हतो. कशाला सांगितलंस?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "म्हंजे तुम्ही खरंच वाचताय?"

"मग काय करतोय?"

"मला वाटलं, माझ्यासारखंच नुसतं धरून बसताय."