रफू केलेला पट्टा

सीतापुऱ्यातल्या कारखान्यात सेफ्टी ट्रेनी म्हणून लागून मला तिसराच आठवडा होता. तोवर मी फॉर्म भरले होते, हेल्मेटं मोजली होती आणि विचारल्याशिवाय कोणाशी बोलले नव्हते. त्या सकाळी ट्रकवरून पत्रे दाबायची अडीच टन वजनाची नवी प्रेस उतरवायची होती आणि पट्टे तपासायचं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीकडे आलं होतं. मी इतकी खूश होते की घरून निघताना नाश्तासुद्धा गेला नाही.

पट्टा म्हणजे क्रेनच्या हुकाला अडकवून माल उचलायचा पॉलिएस्टरचा पट्टा. हा पिवळा, तीन टनांचा. मी तो सरळ पसरला आणि तळहात फिरवत निघाले. लेबल शाबूत होतं, दोन्ही टोकांचे फासे ठीक होते. मध्यावर मात्र हाताला काहीतरी कडक लागलं. वाकून पाहिलं तर टाके! बारीक, एकसारखे, पट्ट्याच्याच रंगाच्या दोऱ्याचे.

"उस्तादजी, ये क्या है?"

उस्तादजी माल उतरवणाऱ्या टोळीचे प्रमुख. ते अभिमानाने हसले. "रफू करवाया है, मैडमजी. माल के कोने से कट गया था. सामने एक्सपोर्ट वाले मास्टरजी ने किया. पता भी नहीं चलता."

खरंच कळत नव्हतं. समोरच्या युनिटमध्ये परदेशी पाठवायचे कुर्ते शिवतात, मास्टरजी तिथले शिंपी. आमच्या घरीही बाबांच्या बँकेत घालायच्या पँटी आई रफूला देते, त्यामुळे त्या कामाची मला कदर होती. पण कुर्त्याचा दोरा भार पेलत नाही, काप फक्त झाकतो. आणि त्या प्रेसभोवती चार माणसं असणार होती.

"नहीं चलेगा," मी म्हणाले.

"क्या?"

"ये पट्टा नहीं चलेगा." या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"इससे दो बार उठा चुके हैं."

मागून कोणीतरी म्हणालं, "शादी में थोड़े ही पहनना है." सगळे हसले. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच आवाज मोकळा झाला.

"उस्तादजी, पास में तो आप ही खड़े होंगे."

त्यांनी पट्टा हातात घेतला. मग खिशातून चाकू काढून त्यांनी स्वतःच त्याचे दोन तुकडे केले, म्हणजे पुन्हा कोणी वापरायला नको.

स्टोअरमधून कोरा पट्टा आला. प्रेसच्या धारदार कडांखाली आम्ही जाड रबराचे तुकडे घातले. प्रेस वीतभर उचलून थांबवली, पट्टा नीट बसलाय ना ते पाहिलं आणि मग वर घेतली. "पीछे, सब पीछे!" आवारभर घुमणारा तो आवाज माझा होता. प्रेस जमिनीला टेकली तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

उस्तादजी घाम पुसत जवळ आले आणि हळूच म्हणाले, "दो और हैं, मैडमजी. हरे वाले."

"कहाँ?"

"मास्टरजी के पास. आज मिलने थे."

आम्ही दोघं लगेच रस्ता ओलांडायला निघालो.