वॉर्डनबाईंची गच्ची

पाथर्डी फाट्याजवळच्या गोदाई सोसायटीत पल्लवी बोरस्तेला ‘नाही’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. गणपतीची वर्गणी असो की पाण्याचा टँकर, बाई ओढणी खोचून पुढं. आता खरं सांगायचं तर तिनं हाती घेतलेलं तडीला जाईच असं नाही. शिवणक्लास झाला, केक झाले, योगा झाला. योगाची सतरंजी अजून कपाटावर पडून आहे. पण मनानं निर्मळ, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रस्त्यावरचा भाजीवाला गाडी थांबवायचा.

तर अशा या पल्लवीचं आणि तिच्या नवऱ्याचं, दिनेशचं, दिवाळीपासून बोलणं बंद होतं.

झालं असं, की सिन्नरला नणंदेच्या घराची वास्तुशांत होती. जेवणाच्या पंगतीत दिनेशला चेव आला. “आमची ही म्हणजे नुसती आरंभशूर! लढाईला पाठवली तर तलवार उपसेल आणि तशीच घरी परत येईल.” सगळी पंगत खो खो हसली. पल्लवीनं हसतमुखानं शेवटच्या माणसापर्यंत जिलबी वाढली, आणि घरी आल्यावर जी गप्प झाली ती झालीच. दिनेशही काही कमी नाही. “मी काय खोटं बोललो?” म्हणत त्यानं गादी गुंडाळली आणि गच्चीवर टाकीखालच्या खोलीत मुक्काम हलवला. अंबडच्या कारखान्यात त्याची कायमची रात्रपाळी. सकाळी यायचं, कानात कापूस घालून दुपारभर झोपायचं. त्यामुळं सोसायटीत कुणाला पत्ता लागला नाही.

मधे सापडल्या सासूबाई, वत्सलाबाई. “आई, त्यांना सांगा, डबा भरलाय.” “आई, तिला सांग, काल भाजीत मीठ नव्हतं.” दोघं एकाच टेबलाशी बसून हे बोलायची! “मेल्यांनो, मी आई आहे का पोस्टमन?” असं वत्सलाबाई करवादायच्या, पण निरोप द्यायच्या.

मे महिना आला आणि टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या. इकडं देवळालीचा तोफखाना, तिकडं ओझरचा विमान कारखाना. नाशिककरांच्या पोटात गोळा यायला तेवढं पुरे. सोसायटीनं ठरवलं, वरून हल्ला झाला तर काय करायचं ते आपणही शिकून घ्यावं, एक दिवस कवायत करावी. आगीच्या बंबावर जन्म काढलेले सिन्नरचे झुंबर सांगळे शिकवायला आले. वॉर्डन, म्हणजे हल्ल्याच्या वेळी सोसायटीची माणसं मोजणारं, सांभाळणारं माणूस, कोण होणार, असं त्यांनी विचारायच्या आत पल्लवीचा हात वर. यावेळी काम तडीला न्यायचंच. कुणाला तरी दाखवायचं होतं ना!

“आगबॉम्ब लय मोठा नसतो,” सांगळे म्हणाले. “पण एकटा येत नाय, ढिगानं येतो. आन् पडतो कुठं, तर गच्चीवर. त्याच्यावर बादली उपडी करायची नाय, भडकून अंगावर उडंल. आडोशाला राहून वाळू टाकायची. गच्चीवर जळण्यासारखं काही ठेवायचं नाय. आन् वॉर्डनबाई, कोणत्या घरात कोण कुठं झोपतं हे तुम्हाला तोंडपाठ पायजे. धुरात माणूस दिसत नाय. तुम्ही सांगाल तिथंच आम्ही हात घालणार.”

पल्लवी घरोघर फिरली. सेक्रेटरी गायधनी ऐटीत म्हणाले, “आम्ही बेडरूममध्ये.” आतून बायको ओरडली, “हॉलमध्ये हो! घोरतात!” मग गच्ची साफ झाली. मोडके कूलर निघाले, कापूस बाहेर आलेल्या गाद्या निघाल्या. राहता राहिल्या शेजारच्या शकुबाईंनी वाळत घातलेल्या कुरडया.

“आता कुरडया पण जळतात का?” शकुबाई तणतणल्या.

“जळत नाय मावशी, तळून निघतात,” सांगळे म्हणाले.

शेवटी त्यांनी विचारलं, “आन् बोरस्ते?” सगळी सोसायटी भोवती उभी. पल्लवीनं डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, “सासूबाई हॉलमध्ये, आम्ही दोघं आतल्या खोलीत.”

“टाकीखालची खोली?”

“रिकामी आहे.”

कवायतीच्या आदल्या दिवशी वत्सलाबाई लेकीकडं सिन्नरला गेल्या. म्हणजे पोस्टच बंद! सोसायटीच्या ग्रुपमधून दिनेश केव्हाच बाहेर पडलेला. आता त्याला सांगणार कोण? पल्लवी कवायतीच्या दिवशी सकाळी गच्चीच्या जिन्यापर्यंत गेली, एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा. तेवढ्यात पंगतीतलं ते हसू कानात वाजलं आणि ती माघारी वळली.

दुपारी भोंगा झाला. माणसं धडाधड खाली उतरली. “सगळे आले?” सांगळ्यांनी विचारलं. पल्लवीनं नजर फिरवली. दिनेश नव्हता. भोंगा ऐकून फाट्यावर चहाला सटकला असेल, आपली वाहवा बघायला नको म्हणून, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. त्याची मोटारसायकल पार्किंगमध्ये आहे का, एवढं मान वळवून बघायचं होतं. तेही बघितलं नाही.

“सगळे!” ती खणखणीत आवाजात म्हणाली.

वर सांगळ्यांच्या माणसानं टाकीपाशी धुराचा डबा पेटवला. पल्लवी सगळ्यांच्या पुढं, वाकून, भिंत धरून गच्चीवर पोचली. आडोशाला राहिली, वाळू अशी नेमकी टाकली की डबा गपगार. टाळ्या पडल्या.

आणि टाकीखालच्या खोलीचं दार उघडलं.

बनियन, लुंगी, गालावर उशीचा वळ, दोन्ही कानांत कापूस. दिनेश खोकत खोकत बाहेर आला. त्याच्यामागून धुराचा लोट. सांगळ्यांनी शांतपणे खिशातून खडू काढला आणि त्याच्या बनियनवर फुली मारली. “हा मेला.”

हशा उसळला. “अहो, वॉर्डनबाईंचे मिस्टर ते!” कुणीतरी ओरडलं, मग तर विचारूच नका.

पल्लवीही क्षणभर हसली. मग तिला त्या दारातून अजून येणारा धूर दिसला. तिच्या हातातली बादली कलंडली, उरलेली वाळू पायावर सांडली. खरंच काही पडलं असतं तर? आपण खाली उभं राहून ‘सगळे’ म्हणालो असतो, आणि कुणी इथं हातसुद्धा घातला नसता.

दिनेशनं एक कान मोकळा केला. तिचा चेहरा बघितला, सांडलेली वाळू बघितली, आपल्या छातीवरची फुली बघितली. “साहेब, मी आत्ताच वर आलो,” तो म्हणाला. “टाकी बघायला. हिच्या मोजणीत चूक नाही.”

“तसंच असणार!” गायधनी घाईघाईनं म्हणाले. सांगळे फुली पुसायला पुढं झाले.

“नका पुसू,” पल्लवी म्हणाली. नेहमीचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. “खोटं बोलतायत ते, माझ्यासाठी. दिवाळीपासून इथंच झोपतात. मला ठाऊक होतं. लाज वाटली म्हणून मी लपवलं.”

शकुबाईंनी तोंडाला पदर लावला.

“मग वॉर्डन म्हणून तुम्ही नापास, बाई,” सांगळे म्हणाले.

“नापास तर नापास. उद्या परत घ्या. मी हे अर्ध्यावर सोडणार नाही.”

“घेऊ की. पण आधी नीट सांगा. बोरस्त्यांकडं कोण कुठं झोपतं?”

पल्लवी वळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मधे कुणी पोस्टमन नसताना, नवऱ्याला म्हणाली, “अहो, काय सांगू यांना?”

“काय?” दिनेशच्या तिच्या बाजूच्या कानात कापूस तसाच होता.

म्हणजे सगळ्या सोसायटीसमोर परत विचारणं आलं! तिनं पुढं होऊन तो कापूस स्वतःच ओढून काढला. “विचारतेय, कुठं झोपणार आहात?”

“आतल्या खोलीत,” दिनेश म्हणाला. “भिंतीकडून.”

“भिंतीकडून मी झोपते. तुम्ही दाराकडून,” पल्लवी म्हणाली. “काही झालं तर तुमच्या अंगावरून गेल्याशिवाय मला बाहेर पडता यायला नको.”