गाडी कोणाच्या नावानं

"भाऊ नाही आले?"

विमा एजंटानं हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला तेव्हा मला तो आपुलकीचा वाटला. मंगरूळपीरच्या बसस्टँडसमोर त्याचं दुकान. दुकान म्हणजे झेरॉक्स, रिचार्ज, पॅनकार्ड, पीकविमा आणि उरलेल्या जागेत गाड्यांचा विमा. माझ्या धाकट्या भावाच्या भाजीच्या पिकअपचा विमा तोच काढायचा, म्हणून ओळख. मी सांगितलं, भाऊ बाजारात आहे, काम माझं आहे. त्यानं मान डोलावली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मग मात्र माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. अख्खं तारुण्य मी मस्कतच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढलं, रात्रपाळी करून पहाटे स्वतः गाडी चालवत घरी आले, आणि इथं माझ्याशी बोलायला भाऊ लागत होता.

मी परत आले ते बाबांच्या डोळ्यासाठी. त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याच्या पडद्याला सूज आली आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं. तारीख चुकवायची नाही, गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी बजावलं होतं. भाऊ काय करणार? आमचा भाजीचा मळा. अंधारात माल तोडायचा, उजाडायच्या आत बाजारात पोचवायचा. मागे त्यानं बाबांची एक तारीख चुकवली, कारण त्या दिवशी टोमॅटोला भाव होता. हे त्यानंच मला फोनवर रडत सांगितलं. मी राजीनामा दिला, खोली सोडली, कुकरसुद्धा सोबत आणला.

आल्यावर पहिली तारीख आम्ही एसटीनं केली. जाताना ठीक होतं. येताना बाबांच्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं दिसत नाही, आणि गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कोणाच्या तरी पिशवीचा कोपरा त्यांच्या पट्टीला लागता लागता राहिला. मी त्या माणसावर अशी ओरडले की कंडक्टर मागे बघायला लागला. बाबा म्हणाले, "जाऊ दे वं, त्यानं का मुद्दाम केलं?" मी तिथंच ठरवलं की पुढची तारीख आपल्या गाडीनं.

रिसोडला एका निवृत्त मास्तरांची गाडी मिळाली. जुनी, पण जिवापाड जपलेली. इतकी जपलेली की बरेच महिने ती शेडमधून बाहेरच काढली नव्हती, आणि ज्या गाडीला शेडमधून काढायचंच नाही तिचा विमा कशाला भरायचा, असा मास्तरांचा हिशेब. त्यांच्या मुलानं ती आमच्या मळ्यावर आणून उभी केल्यावर मला हे कळलं. म्हणजे ती रिसोडपासून विम्याशिवाय आली होती. मी तिथंच जाहीर केलं, विमा होईपर्यंत ही गाडी रस्त्यावर जाणार नाही. भावाला हसू आलं. थोरली बहीण म्हणून तो मला बाई म्हणतो. "पोलीस इकडं येतच नाही, बाई."

पोलिसांची भीती कोणाला होती? मी अपघाताच्या वॉर्डात काम केलंय. एका क्षणात दोन्ही घरं कशी बुडतात ते मी पाहिलंय, गाडी चालवणाऱ्याचं आणि गाडीखाली आलेल्याचंही. हे इथं कोणाला सांगायला गेलं की लोक माझ्याकडे तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघायचे.

तर मग एजंटाच्या खेपा सुरू झाल्या. विमावाले म्हणत, आधी गाडी नावावर करून आणा. वाशिमच्या आरटीओत म्हणत, विमा असल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. मी एजंटाला विचारलं, मग लोक करतात तरी काय? तो म्हणाला, "होते ना बाई. मास्तरनं फॉर्मवर सह्या करून देल्ल्या ना? ते राहू द्या माह्यापाशी. घेनाऱ्याचं नाव मंग टाकू, एका दिवशी दोन्ही काम करून टाकतो." आमच्याकडे गाड्या अशाच विकल्या जातात. विकणारा कोऱ्या फॉर्मवर सही ठोकतो, घेणाऱ्याचं नाव सवडीनं पडतं. मला ते पटलं नाही, पण दुसरा रस्ता दिसेना. ठेवले फॉर्म.

मी मस्कतच्या विमा कंपनीकडून पत्रही मागवलं होतं. इतक्या वर्षांत या बाईनं एकदाही नुकसानभरपाई मागितली नाही, असं त्यात लिहिलं होतं. असं पत्र दाखवलं की इथंही विम्यात सूट, म्हणजे नो-क्लेम बोनस, मिळू शकते हे मी वाचलं होतं. एजंटानं ते उलटसुलट केलं. "हे उर्दू हाय का?"

"अरबी आहे. खाली इंग्रजी आहे."

"पन ते गाडी कुठी हाय?"

"तिथंच विकली."

"मंग बोनस कायचा? गाडी तिकडची, बोनस तिकडचा."

"बोनस गाडीचा नसतो, चालवणाऱ्याचा असतो," मी म्हटलं. तो हसला. त्यानं पत्राची झेरॉक्स काढली, झेरॉक्सचे पैसे घेतले आणि पत्राचं पुढं काहीही झालं नाही. इथल्या विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर मी एक दाबलं, दोन दाबलं, वाट पाहिली, गाणं ऐकलं, आणि शेवटी एका मुलीनं मला माझा पिनकोड विचारून फोन ठेवला. सूट नको, पण निदान ऐकून तरी घ्या ना कोणी! मी एकही चूक न करता घालवलेली वर्षं इथं कोणाच्याच कामाची नव्हती.

मग गाडीची तपासणी. विमा खंडित झाला असेल तर गाडी धड आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी फोनवर एक लिंक येते, तिच्यात गाडीभोवती फिरून व्हिडिओ करायचा. नेमकी त्याच्या आदल्या दिवशी भावजयीनं गाडीची पूजा ठेवली होती. हळदीकुंकू, हार, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर तेलात कालवलेल्या शेंदराचं भलं मोठं स्वस्तिक. भाऊ आणि भावजय जोडीनं पूजेला बसले. शेजारपाजारचे लोक आले, भावाच्या खांद्यावर थापा मारून गेले. मी पेढे वाटत होते. घरचा कर्ता तो, म्हणून त्याचं अभिनंदन, असं मी धरून चालले.

व्हिडिओ पाठवला आणि नापास झाला. कारण लिहून आलं: बॉनेटवर लाल डाग, दुरुस्ती लपवल्याची शक्यता. मी साबण घेऊन घासायला बसले तर भावजय धावत आली. "पुसू नका ना बाई, अपशकून होते." तिला समजावून मी घासलं. शेंदूर गेला, त्याचा गुलाबी रंग राहिला. पुन्हा घासलं. तोवर लिंकची मुदत संपली. नवी लिंक आली तेव्हा मळ्यात नेटवर्क नव्हतं. नेटवर्क फक्त डांबरी रस्त्यावर, आणि रस्त्यावर गाडी न्यायची नाही हे मीच ठरवलेलं. शेवटी भावानं शेजारच्या काकांच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढत नेली. "इंजिन बंद हाय तं ते गाडी नाही, सामान हाय," तो म्हणाला. इतकी चिडलेली असूनही मला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदा असेल.

बाबांची तारीख परवावर आली होती. त्या संध्याकाळी भाऊ बाजारातून आला तो पेढ्याचा पुडा घेऊनच. त्यानं देवापुढे पेढा ठेवला आणि फोन माझ्यासमोर धरला. "घे बाई, तुई कटकट मिटली. आली पॉलिसी."

मी वाचलं. गाडीचा नंबर बरोबर. इंजिन नंबर बरोबर. मालकाच्या जागी भावाचं नाव. कोऱ्या फॉर्मवर एजंटानं त्याचंच नाव टाकलं होतं.

"हे काय आहे?"

"पॉलिसी."

"यावर तुझं नाव आहे."

"मंग कोनाचं राहीन?"

तो चेष्टा करत नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एजंटाच्या खेपा, हेल्पलाइन, शेंदूर, सगळं त्याच्या अंगावर टाकलं. भावजयीनं चुलीवरचा तवा उतरवला. भाऊ उभा होता तसाच उभा राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "बाजूच्या काकाच्या पोरानं दुबईवरून येऊन भावाले ट्रॅक्टर घेऊन देल्ला. मले वाटलं, बाईनं मले गाडी घेतली."

बाहेरून येणारा माणूस घरासाठी काहीतरी मोठं घेतो आणि परत जातो. आमच्याकडे हे असंच चालत आलंय. त्यात विचारायचं काय, सांगायचं काय?

"आणि मी काय चालवणार होते?"

"तू जाशीन ना परत."

"मी जाणार नाहीये. नोकरी सोडून आलेय."

"सगळेच असं म्हनून येतात, बाई. मंग करमत नाही त्यायले."

मी त्याला शांतपणे सांगितलं, निदान तसा प्रयत्न केला. म्हटलं, मला गाडी माझ्या नावानं हवीय. बाबांना न्यायचं तर दर वेळी तुला चावी मागायची नाही. तो दुखावला. "मी तुले नाही म्हनलो असतो का?"

"नसतास म्हणाला. पण मला विचारावं लागलं असतं."

बाजेवरून बाबा म्हणाले, "कोनाच्याबी नावानं करा, पन परवा तारीख हाय."

सकाळी मी निघायच्या आधीच भाऊ मोटारसायकल काढून उभा होता. माल त्यानं दुसऱ्याच्या गाडीत पाठवला होता. असं तो कधी करत नाही. एजंट त्याला पाहून खुर्चीतून उठला. "या भाऊ, या! पार्टी कवा?"

"नाव चुकलं," भाऊ म्हणाला. "गाडी बाईची हाय."

एजंटानं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, घरात भांडण झालं असेल. "पन बाई गेल्यावर पुन्हा बदला लागीन, भाऊ. डबल काम."

"नाही जात ते," भाऊ म्हणाला. "इथंच राह्यते."

मला वाटत होतं की मी इथंच राहते हे कोणीतरी एकदा मोठ्यानं बोलावं. पण त्यानं ते असं बोलावं असं वाटत नव्हतं. मान खाली घालून, नखानं टेबलाची सनमायका खरवडत. एजंटानं मास्तरांच्या सहीचे नवे फॉर्म मागवले, फोन केले, संगणक बंद चालू केला. दुपार झाली. शेवटी माझ्या फोनवर माझ्या नावाची पॉलिसी आली. मी प्रत्येक अक्षर तपासलं, आडनावही. सगळं बरोबर होतं. बाबांची तारीख चुकणार नव्हती. महिनाभर ज्यासाठी डोकं फोडलं ते हातात होतं, आणि मला धड आनंद होईना.

मी त्याच्या मागे मोटारसायकलवर बसले. आमच्या घरी जायचा सरळ रस्ता भाजीबाजारातून जातो. तिथले अडते, हमाल, चहावाला, सगळे त्याचे रोजचे, आणि सगळ्यांना त्यानं गाडीचे पेढे दिले होते. त्यानं मोटारसायकल डावीकडे वळवली, दर्ग्याच्या मागून, खड्ड्यांच्या लांबच्या रस्त्यानं. मी त्याला का म्हणून विचारलं नाही. घर येईपर्यंत मी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढला नाही.