उमेदवाराचा सूचक

आमच्या वाड्यावर ज्याला आमच्या उमेदवाराने फेसबुकवर एकदाही शिवी घातली नाही असा एकच माणूस आहे, आणि तो मी. सरपंचाला घातली, तलाठ्याला घातली, पाव लहान झाला म्हणून सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला घातली, मोप्याच्या विमानतळावरून उडून नेमक्या त्याच्या लाइव्हच्या वेळी डोक्यावरून जाणाऱ्या विमानालाही घातली. मला मात्र नाही. उलट एकदा साऱ्या जगासमोर त्याने माझ्या नावाने हात जोडले. पेडण्याच्या बाजारात लोक अजून मला ती गोष्ट सांगतात आणि मी मान खाली घालून ऐकतो. त्यांना तो माझा विनय वाटतो. खरं काय ते सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. अक्षर दिसतंय तोवर लिहून टाकलेलं बरं. पण आधी तो माणूस कसा आहे ते सांगायला हवं. नाहीतर माझा अपराध केवढा ते कळणार नाही.

धंदा म्हणाल तर तो विहिरींवरचे पंप दुरुस्त करतो. पण वाड्यावर त्याला कुणी पंपवाला म्हणत नाही, उमेदवारच म्हणतात. निवडणुकीला तो उभा एकदाच राहिला, पण उमेदवार तो बाराही महिने असतो. सकाळी घराच्या सोप्यावर येऊन बसला, चहाचा कप बाजूला ठेवला आणि मोबाईल हातात घेतला, की सभा सुरू. सुरुवात ठरलेली असायची. "नमस्कार. देव बरें करूं. आता तीन माणसं बघतायत. त्यातला एक ठेकेदाराचा माणूस आहे, त्याला माझा खास नमस्कार." ठेकेदार म्हणजे आमच्या वॉर्डाचा पंच. गटारापासून स्मशानाच्या पत्र्यापर्यंत सगळी कामं त्याची, म्हणून सगळा राग त्याच्यावर. पहिलं वर्षभर आमच्या उमेदवाराचा चेहरा कुणी नीट पाहिलाच नाही. मोबाईल तो मांडीवर धरायचा, त्यामुळे त्याच्या नाकपुड्या, वरची कौलं आणि एक पाल एवढंच दिसायचं. पालीला ओळखणारे लोक डिचोलीपर्यंत झाले. शेवटी त्याच्या बायकोने मोबाईल आपल्या हाती घेतला. एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात कालथा घेऊन ती बिचारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. भ्रष्टाचाराचा मुद्दा रंगात यायचा आणि मागून आवाज यायचा, "आटपा आता, हुमण करपता." तो तेवढ्याच आवेशात सांगायचा, "बंधूंनो, आमच्या घरातलं हुमण करपतंय, पण मी मागे हटणार नाही." आणि मागे हटायचा. माशांचं हुमण करपलेलं त्याला चालत नसे.

भांडणाची त्याला निवड नव्हती. कुणी गुलाबाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' लिहिलं तर हा खाली लिहायचा, 'कसली शुभ? नळाला पाणी आहे का?' वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्याला विचारायचा, 'गेल्या वर्षी कुठे होतास?' एकदा तर कमाल झाली. फेसबुक जुन्या आठवणी वर काढून दाखवतं. तशी एक जुनी पोस्ट समोर आली. गटार साफ केल्याबद्दल तीत ठेकेदाराला 'वाड्याचे भूषण' म्हटलं होतं. याने लिहिणाऱ्याचं नाव न बघता खाली ठोकून दिलं, 'कोण रे हा चाटू? हिंमत असेल तर वाड्यावर ये.' पोस्ट त्याचीच होती. दुपारपर्यंत सगळा तालुका हसत होता. दुसरा कुणी असता तर पुसून टाकली असती. याने संध्याकाळी लाइव्ह येऊन स्वतःचा जाहीर निषेध केला आणि म्हणाला, "मी वाड्यावरच आहे. आलोय."

पण गंमत अशी, की हा सगळा पराक्रम मोबाईलमधला. समोरासमोर आला की हा माणूस विरघळायचा. नजरेला नजर देत नसे. एकदा सकाळी त्याने वीज खात्याच्या लाइनमनला लाइव्हवर असा काही सोलला, की आम्हाला वाटलं आता आठवडाभर अंधार. दुपारी बघतो तर तो लाइनमन खांबावर आणि खाली शिडी धरून आमचा उमेदवार, खांद्यावर लाइनमनची पिशवी. लाइनमन सिंधुदुर्गातला, तोंडाने तिखट. वरून म्हणाला, "सकाळी माका काय काय बोललंस, आणि आता शिडी धरतंस?"

"तें फेसबुकार," हा खाली बघत म्हणाला. "हांगा तूं आमचो पावणो. देंव सावकाश. जेवण तयार आसा."

लाइनमन खाली उतरला आणि जेवून गेला. जाताना त्याने फेसबुकवर याला मित्र केलं, आणि दुसऱ्या दिवशी याने त्याच्या फोटोखाली 'कामचुकार' असं लिहिलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

असा माणूस एके दिवशी खरोखरच पंचायतीला उभा राहिला. माझ्याकडे आला तो अंगठ्याने जमीन उकरत.

"अण्णा, एक सही जाय आसली."

"कसली रे?"

"उबो रावतां. अर्जार सूचक लागता. वाड्यार तुमच्यासारखो दुसरो कोण आसा?"

मी डिचोलीच्या खाणीवर टाइमकीपर होतो. आयुष्यभर माणसं कामावर कधी आली, कधी गेली ते लिहिलं, त्यामुळे माझ्या शब्दाला वाड्यावर किंमत होती. मी छाती फुगवून सही केली. पंचायतीच्या निवडणुकीत पक्ष नसतो. तुमच्या अर्जावर सूचक म्हणून कोण आहे, हीच तुमची पत. मग प्रचार सुरू झाला. घरोघर जायला हवं, हे त्याला पटलं होतं, पण जाऊन तो गाईच्या वासराची चौकशी करायचा, चहा प्यायचा आणि मत मागायचं विसरून परत यायचा. "लोकांच्या घरात बसून मागायला बरं दिसत नाही," म्हणायचा. त्यावर त्याने तोड काढली. तो फाटकाबाहेर उभा राहायचा आणि तिथून लाइव्ह यायचा. "ह्या घरातल्या मंडळींनो, तुम्ही आत बसला आहात हे मला माहीत आहे. मत मला द्या." घरची मंडळी आत त्याला मोबाईलवर बघायची आणि जनेलाच्या गजांतून प्रत्यक्षही बघायची. नंतर कुणीतरी बाहेर जाऊन त्याला बोलवायचं, की हा लाजून आत येऊन वासराची चौकशी करायचा.

आता माझं सांगतो. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ठेकेदार माझ्या घरी आला. माझा मुलगा शिकून घरी बसला होता. ठेकेदाराने काही मागितलं नाही. नुसता म्हणाला, "अण्णा, भुरग्याचें मोप्याक बघूंया मगे आमी." आणि पाणी पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो, उमेदवाराने मला लांबून हात जोडले, मी आत गेलो आणि त्याच्या चिन्हावरून शिक्का पुढे नेऊन ठेकेदाराच्या चिन्हावर मारला. टाइमकीपरचा हात, जागच्या जागी पडला. मुलाला विमानतळावर ट्रॉल्या ढकलायचं काम मिळालं. पावसाळ्यापर्यंत टिकला, मग स्वतःच सोडून आला.

उमेदवार पडला, आणि असा पडला की त्याची मतं वाड्यावर कुणालाही बोटांवर मोजता यावीत. त्यानेही मोजली. घरातली, शेजारची, नात्यातली, ज्यांच्याबद्दल शंकाच नाही अशीच मतं त्याने धरली होती, आणि त्यातलं एक भरेना. बायको म्हणाली, "माजें तुमकांच. दुसरें करतलें कितें?" सूचकाचा तर प्रश्नच नव्हता. ज्याने अर्जावर सही केली तो मत दुसऱ्याला देईल, हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. राहिला धाकटा भाऊ. तो ठेकेदाराचाच टिपर चालवायचा.

निकालाच्या संध्याकाळच्या लाइव्हचा विषय पेडण्यात अजून निघतो. त्याने एकेक घर घेऊन वाड्याचा उद्धार केला, शेवटी धाकट्या भावावर आला आणि म्हणाला, "रक्ताच्या माणसाने दगा दिला. आणि रक्ताचा नसून ज्याने इमान राखलं ते एकच नाव, आमचे अण्णा." मग त्याने हात जोडले. बायकोच्या हातातला मोबाईल हलत होता. ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मी माझ्या घरात मोबाईल भिंतीकडे पालथा करून ठेवला.

दोघा भावांचं घर एक, मधे फक्त एक भिंत. थोरल्याने ते बोलणं धाकट्याला तोंडावर कधी ऐकवलं नाही, तेवढं धैर्यच नव्हतं. पण भिंतीपलीकडे मोबाईलवरून ते सगळं ऐकू गेलं होतं. धाकट्याने "मी तुलाच दिलं" एवढंही सांगितलं नाही. त्याला त्याचा अपमान वाटला असावा. बोलणं बंद झालं. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी चवथीचा गणपती घराचा एकच असतो. त्याच्यावर माटोळी बांधतात, रानातली फळं-फुलं टांगलेली लाकडी चौकट, आणि ती आढ्याला चढवायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. आजवर दोन भाऊ असायचे. त्या वर्षापासून एका टोकाला थोरला आणि दुसऱ्या टोकाला त्याची बायको, स्टुलावर चढून. धाकटा मागच्या दाराने यायचा आणि थोरला न्हाणीत असताना देवाला हात जोडून जायचा. मला हे सगळं अंगणातून दिसायचं.

सांगायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. दर वर्षी आपल्या झाडाचा पहिला मानकुराद आंबा तो देवाला दाखवून माझ्याकडे आणायचा. "इमानदार माणसाक," म्हणून हातात ठेवायचा. तो आंबा मला कडू लागला असं लिहायला हवं, पण आता खोटं कशाला लिहू? फार गोड असायचा. एकदा तेरेखोलला एका लग्नाला निघालो होतो. फेरीबोट नदीच्या मधोमध आली. इथून कुणालाच पळता येणार नाही, असा विचार करून मी म्हटलं, "बाबा, त्या मताचं तुला एक सांगायचं आहे."

त्याचे डोळे चमकले. "रावात अण्णा! हें सगळ्यांनी आयकूंक जाय." आणि त्याने माझ्यासमोर मोबाईल धरला. "अण्णा बोलतायत. ऐका आणि लाजा."

मी फेरीबोटीच्या वेळापत्रकावर बोललो. बऱ्यापैकी बोललो असावा, कारण खाली लोकांनी अंगठे दाखवले.

भावांचं जुळलं ते मात्र माझ्यामुळे नाही. डिचोलीकडच्या कुणा टवाळाने आमच्या उमेदवाराचं चित्र काढून फेसबुकवर टाकलं. एका हातात पंप, दुसऱ्या हातात पाल. खाली शेकडो लोक हसत होते. हा उत्तर द्यायला बसला, दाढा आवळल्या, आणि बघतो तर त्याच्या आधीच एक उत्तर पडलेलं. लिहिणाऱ्याने जन्मात फेसबुकवर एक ओळ लिहिली नव्हती. 'माझ्या भावाला शिव्या द्यायचा हक्क माझा. तू कोण?' धाकटा होता. भिंतीपलीकडे बसून लिहिलं होतं त्याने. आमच्या उमेदवाराने ते बायकोला वाचून दाखवलं, पुन्हा वाचलं, मग लाइव्ह सुरू केलं. सगळा तालुका वाट बघत होता, आता डिचोलीचं काय खरं नाही. तो मोबाईलकडे बघत राहिला. "आज कायच ना," म्हणाला. "सगळे जेवलांत मगे?" आणि बंद केलं. इतकं लहान भाषण त्याने कधी केलं नव्हतं.

यंदाच्या चवथीला मी आधीच जाऊन बसलो. माटोळीच्या एका टोकाला थोरला, दुसऱ्याला धाकटा. दोघेही एकमेकांकडे न बघता एकमेकांना शिकवत होते.

"उंच धर मरे."

"तुजी बाजू सकयल आसा, ती बघ."

बायको स्टुलावर ऐसपैस बसून तोंडाला पदर लावून हसत होती. आरती झाली आणि उमेदवार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अण्णा, गाऱ्हाणें तुमी घालात. घरात मोठें कोण उरूंक ना." घराच्या वतीने देवाला साकडं घालायला मी उभा राहिलो. हीच वेळ, असं ठरवलं. देवासमोर लाइव्ह नसतं. मोबाईल त्याने कोनाड्यात ठेवला होता.

"बा देवा गजानना महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"हे दोगूय भाव आज एका माटोळयेखाला उबे आसत, तांका असेच एकत्र ठेय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"मदीं जें कितें वितुष्ट आयलें, तें कोणाच्या करणेन आयलें तें..." आणि माझी नजर त्या दोघांवर गेली. दोघे भाऊ हात जोडून, डोळे मिटून उभे होते. खांद्याला खांदा लागत होता. थोरल्याला वाटलं, म्हातारा शब्द विसरला. डोळे न उघडता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, तो मला पुढचं सांगू लागला.

"चुकलेलें-माकलेलें पदरांत घे, म्हणात अण्णा. कोणाचें कितें आसत तें."

मी तेवढं म्हटलं. "व्हय महाराजा" सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणाला. मग त्याने प्रसाद वाटायला घेतला आणि पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली. मी ती मुठीत तशीच धरून घरी आलो. मला म्हणायचं होतं ते इतकंच होतं: बाबा, तुझ्या भावाने मत तुलाच दिलं होतं. न भरलेलं मत माझं. माझं चुकलं रे.