जास्तीचे श्रीफळ

हुडकेश्वरात आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, तोंडाशी सरिता रंगारी यांचे सत्कार-साहित्याचे दुकान आहे. शाली, श्रीफळे, हार, फेटे, स्मृतिचिन्हे, आणि ज्या पाहुण्याला काहीच द्यावेसे वाटत नाही त्याच्यासाठी प्लास्टिकच्या फुलांचा एक गुच्छ, जो कार्यक्रम संपल्यावर परत आणून द्यावा लागतो. निळी, भगवी, हिरवी, पांढरी. सर्व विचारधारांच्या शाली तेथे एकाच फळीवर गुण्यागोविंदाने नांदतात. या शहरात कर्तृत्वशून्य माणसांचे इतके सत्कार होतात की दुकानाला मंदी आलेली मी कधी पाहिली नाही. माझा सत्कार अद्याप कोणी केलेला नाही, पण ते असो.

सरिताबाईंचे या विषयावर एक ठाम मत होते. "भाऊ, सत्कार झालेल्या कामाचा नसते. व्हायच्या कामाचा असते. एकदा शाल अंगावर पडली का माणूस बांधला जाते. मंग त्याले नाही म्हणता येत नाही."

मला हे मत उथळ वाटे. मी कायदा शिकलेला माणूस. माझी श्रद्धा अर्ज, स्मरणपत्र आणि अपील या त्रयीवर.

त्यांची मुलगी दीक्षा दहावीत होती. मुलगी विलक्षण हुशार, पण अक्षर तिच्यासमोर स्थिर उभे राहत नसे. वाचताना ओळ निसटे, लिहिताना काना एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे जाई. सरकारी रुग्णालयाच्या असंख्य खेपांनंतर तिला अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाले होते. त्याच्या आधारे बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकत होता. मात्र प्रस्ताव शाळेमार्फतच जावा लागतो, आणि शाळेत मुख्याध्यापक वैरागडे सर होते.

सरांचा नकार तर्कशुद्ध होता, आणि म्हणूनच संतापजनक होता. दीक्षा सहावीपासून शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाची सूत्रसंचालक होती. हातात लाल फाईल उघडी धरून ती असे काही बोले की पाहुणे आपले भाषण विसरत. वक्तृत्वाचे चषक सरांच्या कपाटात दाटीवाटीने उभे होते. वस्तुस्थिती एवढीच होती की त्या फाईलकडे ती नुसती पाहत असे. सगळा मजकूर आई दुकानात हार बांधता बांधता तिला सांगे आणि तो एकदा ऐकून तिला पाठ होई. पण हातात फाईल नसलेला सूत्रसंचालक आपल्याकडे कोणी मानत नाही, आणि चारचौघांत उघडे पडण्यापेक्षा दीक्षालाही ती फाईल बरी वाटे.

"ताई, सगळ्या हुडकेश्वराने हिला घडाघडा वाचताना पाहिलं आहे," सर म्हणाले. "हिला वाचता येत नाही असं मी कोणत्या तोंडाने लिहून देऊ? उद्या लोक म्हणतील, वैरागडेने खोटी सवलत काढली. आणि आमच्या शाळेत तशी मुलं नाहीत."

"तशी म्हणजे कशी, सर?"

"तशी म्हणजे... तशी."

तेव्हा मी मैदानात उतरलो. कलमे, परिपत्रके आणि न्यायनिर्णय यांनी सजवलेले एक निवेदन मी तयार केले. त्याची भाषा इतकी निर्दोष होती की सरांनी ते संपूर्ण वाचले, शुद्धलेखनाबद्दल माझे अभिनंदन केले आणि टेबलाच्या खणात ठेवले. वरिष्ठांना पाठवलेल्या प्रतीची पोच आली. पुढे काहीही आले नाही. प्रस्ताव पाठवण्याची मुदत मात्र जवळ येत चालली. ती टळली असती तर बोलण्यात पहिली असलेली ही मुलगी कोऱ्या उत्तरपत्रिकेनिशी नापास झाली असती.

मुदतीच्या आदल्या दिवशी शाळेचे स्नेहसंमेलन होते. प्रमुख पाहुण्या म्हणून बोर्डाच्या कार्यालयातील अधिकारी उत्तरा ठवकर येणार होत्या. नेहमीप्रमाणे सरांनी सरिताबाईंकडून एक शाल आणि एक श्रीफळ मागवले. सरिताबाई दोन-दोन घेऊन हजर झाल्या.

"हे जास्तीचं कशाला?" सरांनी विचारले.

"असू द्या, सर. नारळाचा काय भरोसा? आतून कसा निघन, सांगता येत नाही."

मी मागच्या रांगेत बसलो होतो. शेजारी दीक्षाचे वडील अंकुश. मौद्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामाला असणारा हा गृहस्थ त्या दिवशी रजा टाकून आला होता आणि घामाघूम झाला होता.

"काहून घाबरून राहिले गा, अंकुशभाऊ?" मी विचारले.

"तिच्या मायनं मले फक्त टाळ्या वाजवाले सांगितलं आहे. कधी वाजवाच्या ते पोरगी सांगन म्हणे."

कार्यक्रम निर्विघ्न पार पडला. पाहुण्या बोलल्या, सर फार बोलले. शेवटी आभारप्रदर्शन. सरांनी त्यासाठी स्वतः लिहिलेला कागद दुपारीच दीक्षाच्या फाईलमध्ये ठेवला होता. दीक्षाने फाईल उघडून पाहुण्यांचे आभार मानले, शिक्षकांचे मानले, मंडपवाल्याचे मानले. मग तिने फाईल मिटली आणि टेबलावर ठेवली. सहावीनंतर प्रथमच ती व्यासपीठावर रिकाम्या हातांनी उभी होती.

"आणि शेवटचे आभार आमच्या मुख्याध्यापकांचे," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही. ही फाईल मी नुसती धरत होते. हे ठाऊक असूनही मला लेखनिक मिळावा म्हणून उद्या सर स्वतः बोर्डाकडे प्रस्ताव पाठवत आहेत. अशा मोठ्या मनाच्या सरांचा सत्कार माझी आई करेल. बाबा, टाळ्या!"

अंकुशने अशा टाळ्या वाजवल्या की सगळा मंडप मागोमाग वाजवू लागला. सरिताबाई वर गेल्या. शाल सरांच्या खांद्यावर पडली, हातात श्रीफळ आले, फोटो निघाला. फोटोपुरते हसून झाल्यावर सर जे पुटपुटले ते माईकने इमानेइतबारे सर्वांना ऐकवले. आयुष्यभर प्रमाण भाषा बोललेला तो माणूस म्हणाला, "अवं पोरी, हे मी कागदात कुठं लिहून देलं होतं?"

ठवकर मॅडमनी शांतपणे फाईल उघडली. सरांचे लेखन त्यांनी वाचले. त्यातले एकही वाक्य दीक्षा बोलली नव्हती.

"बेटा, यातली पहिली ओळ वाचतेस?"

दीक्षा कागदावर वाकली. "स... न्मा..." ओठ हलले, बोट ओळीवरून घसरले, पुन्हा मागे आले. व्यासपीठाच्या कडेला सरिताबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता. दीक्षाने मान वर केली.

"नाही जमत, मॅडम. पण सरांनी लिहिलं आहे, म्हणजे लांबलचक असणार."

पहिल्यांदा हसल्या त्या ठवकर मॅडम. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "प्रस्ताव उद्या कशाला? मी आज येथेच आहे. चहा होईपर्यंत सही करून द्या. शाल शोभून दिसते तुम्हाला."

सरांनी शाल न काढता सही केली. तो फोटो आता त्यांच्या कार्यालयात टांगलेला आहे, आणि आपण या प्रश्नावर किती पूर्वीपासून झटत होतो हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. माझे निवेदन बहुधा अजून खणातच आहे.

लेखनिक म्हणून नववीतील काजल मिळाली. इतिहासाचा पेपर संपला, भूगोलाचा अजून बाकी होता, तेव्हा मी परीक्षा केंद्राबाहेर उभा होतो. दोघी बाहेर आल्या. काजल उजवा हात डाव्या हाताने दाबत होती.

"कसा गेला वं?" सरिताबाईंनी विचारले.

"मस्त!" दीक्षा म्हणाली.

"काकू, हिले जरा समजवा ना," काजल कळवळून म्हणाली. "थांबतच नाही! धाडधाड सांगून राहिली. तो जादा वेळ हिच्यासाठी होता का माझ्यासाठी?"

सरिताबाईंनी पिशवीत हात घातला. आत एक शाल होती.